एंडा की नीडा?

राजमुंद्री स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला नुसतं ‘कडियम’ म्हटलं, की तो पुढचा प्रश्न एकच विचारतो, ‘नर्सरी?’ परगावचं माणूस दुसऱ्या कुठल्या कामासाठी तिथं जाईल असं त्याच्या मनातही येत नाही. शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर कडियम, कडियपुलंका, बुर्रिलंका, वेमगिरी अशी गावं एकमेकांना लागून आहेत. हायवेच्या दोन्ही अंगांना नर्सऱ्याच नर्सऱ्या. घर संपलं की नर्सरी, नर्सरी संपली की कालवा, कालव्यापलीकडे पुन्हा नर्सरी. आपल्याकडे कोंडापूरच्या नाहीतर मलकपेटच्या नाक्यावर, किंवा पीपल्स प्लाझावरच्या नर्सरी मेळ्यात आपण जी झाडं ‘इथलीच’ म्हणून घेतो, त्यातली कितीतरी रात्रीच्या ट्रकनं इथून निघालेली असतात. पुण्या-नाशिकच्या नर्सऱ्यांतही हीच झाडं जातात.

मी आणि आई तिथं गेलो ते मागच्या वर्षीच्या जुलैत. कारण होतं आमची गच्ची.

काचिगुड्याचं घर बिल्डरला दिल्यावर आई माझ्याकडे मियापूरला आली, त्याला आता तीन वर्षं होतील. जुन्या घराला अंगण होतं, अंगणात आड, आणि आडाच्या कडेनं डालड्याच्या डब्यांत लावलेले क्रोटन. त्यातला एक माझ्या आजीनं लावलेला होता. अरुंद, पिळाची पानं, त्यात पिवळा, केशरी आणि जवळजवळ काळा वाटावा असा लाल. घर सोडताना आईनं त्याची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि कुंडीत जगवली.

माझा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. त्याला लागून दहा बाय अठराची गच्ची, तोंड पश्चिमेला. सोसायटीच्या नियमानुसार गच्चीवर छप्पर घालायचं नाही, हिरवी जाळी बांधायची नाही. इमारतीचं ‘एलिव्हेशन’ बिघडतं म्हणे. त्यामुळे मार्चपासून तिथं अकरानंतर अनवाणी उभं राहता येत नाही. आईनं आपला क्रोटन लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये सावलीला ठेवला. वर्षभरात त्याची नवी पानं हिरवी येऊ लागली, पिवळ्याची नुसती एक रेघ उरली. ‘याचा जीव रमत नाही इथं,’ आई म्हणाली. झाडाबद्दलच म्हणाली, पण मला ते ऐकवलं नाही.

गच्चीसाठी म्हणून शहरातल्या एका नर्सरीतून ‘फुल सन’ची चिठ्ठी लावलेली सहा रंगीत पानांची झाडं आणली होती, ती मे महिन्यात पापडासारखी भाजून निघाली. तुम्ही म्हणाल, मग फुलझाडं लावायची, जास्वंद आहे, बोगनवेल आहे, सदाफुली आहे. आहेतच, आणि उन्हाला ती दणकट आहेत. पण फुलांचा बहर येतो आणि जातो. आईला हवं होतं बाराही महिने दिसणारं, दार उघडलं की समोर रंग. तो पानांतच असतो.

मी व्यवसायानं सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे आधी डेटा गोळा केला. एका रविवारी सकाळी सातपासून दर तासाला गच्चीचा त्याच कोपऱ्यातून फोटो काढला आणि कुठल्या फरशीवर किती तास ऊन येतं त्याचा नकाशा केला. हे काम कुणीही करावं, अवघड काही नाही. साडेदहाला ऊन येतं ते सहापर्यंत हलत नाही. दक्षिणेच्या कठड्याला हिवाळ्यात चांगली दीड-दोन फूट सावली असते, उन्हाळ्यात तीही आटते. 9 मेच्या सुमारास तर हैदराबादेत शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी सूर्य नेमका डोक्यावर. म्हणजे ज्या दिवसांत सावलीची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवसांत भरदुपारी कठडा कामाचा नाही. एवढं कळल्यावर प्रश्न उरला तो झाडांचा, आणि तो विचारायला मुळाशीच जावं असं वाटलं.

गौतमी एक्सप्रेसनं रात्री निघालो आणि पहाटे गोदावरीच्या पुलावर आईला जागं केलं. तिचं माहेर नांदेड. नांदेडच्या घाटावर पाहिलेली गोदावरी तिला तोंडपाठ आहे, पण ही तीच नदी हे तिला पटेना. जुलैचं तांबूस पाणी, पलीकडचा काठ दिसेल न दिसेल असा. त्र्यंबकेश्वरहून निघाल्यापासून समुद्रापर्यंत ही नदी 1465 किलोमीटर वाहते, आणि राजमुंद्रीला तिचा शेवटचा टप्पा सुरू होतो. आईनं खिडकीतूनच हात जोडले. दहा रुपयांचं नाणं टाकायला पर्स उघडेपर्यंत पूल संपत आला होता, तरी पुरला. पूलच एवढा लांब.

कडियम का घडलं ते रस्त्यातच कळतं. मधे धवळेश्वरम लागतं. सर आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरनं इथं गोदावरीवर बंधारा बांधला, तो 1852 मध्ये पुरा झाला. आजचा बराज नंतरचा आहे, पण नाव त्याचंच. त्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी सारा गोदावरी जिल्हा हिरवा केला आणि लोकांनी कॉटनसाहेबाचे पुतळे गावोगावी उभे केले. परक्या राज्यकर्त्याला एवढं प्रेम मिळाल्याचं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. नदीतल्या गाळाच्या बेटांना तेलुगूत ‘लंका’ म्हणतात. इथल्या गावांच्या नावांतच तो गाळ आहे. बाराही महिने पाणी, गाळाची माती, दमट उबदार हवा. रोपवाटिकेला आणखी काय लागतं?

लागतात ती माणसं. आम्ही पहिल्या नर्सरीत शिरलो तेव्हा दहा-बारा बाया ओळीनं बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होत्या. एकीचा हात मातीत, दुसरीचा पिशवीच्या तोंडाशी, तिसरी खुडलेली फांदी खोचते आहे. बोलणं चालू, हात चालू. कंपनीत असली लय आम्ही दर सोमवारच्या मीटिंगमध्ये मागत असतो.

आईचं तेलुगू माझ्यापेक्षा चांगलं, कारण ते काचिगुड्याच्या भाजीबाजारात शिकलेलं आहे, माझं ऑफिसातलं. नर्सरीवाला साठीचा, लुंगी वर खोचलेला. त्याला आईनं सरळ सांगितलं, दुपारभर ऊन, वर काही नाही, कुंड्यांतच लावायचं आहे, रंग हवा. त्यानं आम्हांला बसा म्हटलं नाही, झाडं दाखवली नाहीत. आधी विचारलं, ‘एंडा, नीडा?’ एंडा म्हणजे ऊन, नीडा म्हणजे सावली. ‘एंडा,’ आई म्हणाली. ‘मग त्या जाळीखाली बघूच नका,’ तो म्हणाला आणि चालू लागला.

पुढे त्यानं जे दाखवलं, त्यासाठी हा लेख लिहिते आहे. पायवाटेच्या डाव्या हाताला हिरव्या जाळीचा मांडव होता, उजव्या हाताला मोकळं आभाळ. दोन्हीकडे एकाच जातीचा क्रोटन, पेट्रा, एकाच वेळी लावलेला. जाळीखालची पानं हातभर, मऊ, तुकतुकीत आणि बरीचशी हिरवी. उघड्यावरची पानं लहान, जाड, हाताला चामड्यासारखी, कुठे कुठे काठ भाजलेले, पण लाल-केशरी रंगानं पेटलेली. ‘गिऱ्हाईक कुठलं उचलतं?’ मी विचारलं. तो हसला. जाळीखालचं! दिसायला गुबगुबीत ना. मग ते शहरात नेऊन उन्हात ठेवतात, आठ दिवसांत पानं गळतात, आणि नर्सरीवाल्याला शिव्या.

आमच्या भाषेत सांगायचं, तर जाळीखालचं झाड म्हणजे टेस्ट सर्व्हरवर नीट चाललेला कोड. प्रॉडक्शनचं ऊन त्यानं पाहिलेलंच नसतं. सावलीत वाढलेलं पान पातळ असतं, आणि ते पान नंतर जाड होत नाही. झाडाला नवी पानं काढावी लागतात आणि तेवढा वेळ जगावं लागतं. म्हणून जातीच्या नावाइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा, की हे झाड आत्तापर्यंत कुठं उभं होतं. आमच्या त्या सहा झाडांच्या चिठ्ठीवर जात बरोबर लिहिलेली होती, पत्ता नव्हता.

रंगाचंही एक गणित आहे, ते माहीत असलं की निवडताना डोळे चटकन सरावतात. बऱ्याच झाडांच्या पानांतला लाल-जांभळा रंग अँथोसायनिनचा असतो. तो पानाला गॉगलसारखा उपयोगी पडतो, कडक उजेडातला थोडा भाग स्वतःवर घेतो. म्हणून अशी झाडं उन्हात जास्त रंगतात आणि सावलीत हिरवी पडतात, कारण अंधारात गॉगल लावून कोण बसेल? पानाचा पांढरा भाग म्हणजे तिथं हरितद्रव्य नाही आणि गॉगलही नाही. पश्चिमेच्या उन्हात तो भाग सगळ्यात आधी करपतो. पांढऱ्या-गुलाबी नक्षीची, दुकानात सगळ्यात देखणी दिसणारी झाडं, कॅलेडियम, अ‍ॅग्लोनिमा, कॅलेथिया, ही घरातल्या खिडकीचीच.

नर्सरीवाल्यानं आम्हांला उघड्यावरच्या ओळींतून काढून दिली ती यादी अशी काही मोठी नव्हती. पेट्रा आणि पिवळ्या ठिपक्यांचा गोल्ड डस्ट हे क्रोटन. तांब्याच्या रंगाचा अकॅलिफा. जांभळ्या पानांची, जमिनीवर पसरणारी ट्रॅडेस्कॅन्शिया, तिला सगळे पर्पल हार्ट म्हणतात. हिच्याइतकं सोशिक झाड मी पाहिलेलं नाही, तुटलेला तुकडा मातीवर टाकला तरी धरतो. सोनेरी दुरांटा. ठेंगणा लाल अल्टरनॅन्थेरा. नव्या वर्षाला आणि सणावारी इथले लोक कुंड्या मांडून जमिनीवर मोठाली चित्रं करतात, त्यांत लाल रंग भरायला हाच. जांभळ्या तुऱ्यांचं गवत. आणि कोलियस, पण निवडून. जुन्या जातींचा कोलियस सावलीचाच आहे. उन्हासाठी मुद्दाम तयार केलेल्या जाती आता मिळतात, त्यांची पानं बहुतेक गडद असतात. तरी त्याला पाणी भरपूर लागतं, तो सांगत होता.

एका ओळीत हिरव्या-लाल-पिवळ्या शेंड्यांची, आगीसारखी दिसणारी रोपं होती. आई वाकली, एक पान चुरगळून वास घेतला आणि जोरात हसली. ‘अगं, ही तर भाजी! माठ आहे हा!’ खरंच होतं. ज्या माठाची आपण लसूण घालून भाजी करतो, त्याच्याच रंगीत जाती बागेत शोभेला लावतात. ‘तोटकूर,’ नर्सरीवाल्यानंही मान्य केलं, आणि दोघांनी मिळून मला हसून घेतलं, कारण मी त्या रोपाचे पैसे द्यायला निघाले होते. माठाचा लाल रंग अँथोसायनिनचा नसतो, बिटातल्या रंगाच्या कुळातला असतो, अल्टरनॅन्थेराचाही तसाच. माठ ऊन आवडीनं खातो. पुढे आईनं काचिगुड्याहून दहा रुपयांचं लाल माठाचं बी आणून पसरट कुंडीत टाकलं. दोन ओळी शोभेला, दोन ओळी भाजीला.

गुलाबी कॉर्डिलाइन मात्र तिनं हट्टानं घेतलं. नर्सरीवाला तीनदा ‘नीडा, अम्मा, नीडा’ म्हणाला. ‘असू दे, आवडलंय,’ आईचं उत्तर. ते आता स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत आहे आणि मजेत आहे.

वीस झाडं, दोन खोकी, पानं सुतळीनं हलकेच बांधलेली, रात्रीच्या गाडीत बर्थखाली. टीसीनं एकदा वाकून बघितलं आणि ‘क्रोटन का?’ म्हणून पुढे गेला.

घरी आल्यावरचं काम नर्सरीवाल्यानं समजावून दिलंच होतं. कडियमची माती चिकट गाळाची. तिथल्या दमट हवेत ती ठीक असते, पण हैदराबादच्या कोरड्या हवेत तिचा गोळा एकदा वाळला की विटेसारखा होतो. वरून पाणी घातलं की ते कडेकडेनं निघून जातं आणि आतली मुळं तहानलेली राहतात. खालच्या ताटलीत पाणी दिसतं, म्हणून आपण खूश. त्यामुळे पावसाळ्यातच रोपं काढून, गोळा बादलीत भिजवून, बाहेरची अर्धीअधिक माती हलक्या हातानं सोडवायची. नव्या कुंडीत आम्ही लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत घातलं, थोडी जाड वाळू. खत बेतानं, कारण नत्र जास्त झालं की पानं वाढतात आणि हिरवी होतात. हे सगळं जुलै ते सप्टेंबर या काळात झालं, म्हणजे झाडांना पुढच्या उन्हाळ्याआधी मुळं धरायला सहा महिने मिळाले. मार्चमध्ये आणलेलं झाड गच्चीवर टिकवणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणं.

कुंड्यांवरून आमच्या घरात वाद झाला. आईला तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे हवे होते, मला वजनाची काळजी. शेवटी बारा इंची पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या बहुमतानं आल्या, कारण काळी कुंडी उन्हात इतकी तापते की पश्चिमेच्या बाजूच्या मातीत बोट घालवत नाही. पानांची काळजी सगळे घेतात, पण कुंडीतलं झाड बऱ्याचदा मुळांकडून मरतं. जमिनीतल्या मुळांना खाली थंड माती असते. कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी ऊन आणि खालून तापलेली फरशी. त्यामुळे प्रत्येक कुंडी दोन विटांवर, आणि कुंड्या एकमेकींना खेटून, म्हणजे एकीची सावली दुसरीच्या पोटावर. आईचे तीन डबे आलेच, त्यांना तिनं गोणपाट गुंडाळलं. पश्चिमेच्या कडेला दुरांटा आणि उंच गवत, त्यांच्या मागं क्रोटन, त्यांच्या पायाशी कोलियस. अशी उतरंड लावली की साडेतीननंतरचं ऊन पुढची झाडं झेलतात. सोसायटीच्या नियमात झाडाच्या सावलीबद्दल काही लिहिलेलं नाही.

आईचा क्रोटन या सगळ्यात आम्ही ऑक्टोबरमध्ये बाहेर काढला. एकदम नाही. पहिला आठवडा सकाळचा आडवा उजेड, मग दुपारी बारापर्यंत, मग गवताच्या मागं दिवसभर. तरी त्यानं खालची आठ-दहा पानं टाकली. क्रोटन जागा बदलली की रुसतो, हे नर्सरीवाल्यानं सांगितलेलं असूनही ते दोन आठवडे घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही. आई रोज सकाळी केरसुणीनं पानं गोळा करायची आणि काही न बोलता त्याच कुंडीत टाकायची. नोव्हेंबरच्या शेवटी शेंड्याला हिरवट-पिवळी पानं आली. क्रोटनचं पान जन्मतः फिकं असतं, रंग चढतो तो वय झाल्यावर. म्हणून डिसेंबर गेला, संक्रांत गेली. फेब्रुवारीत आईनं मला ऑफिसात फोन केला. ती दिवसा फोन करत नाही, म्हणून मी मीटिंगमधून उठून बाहेर आले. ‘पीळ पडलाय आणि लाल झालाय,’ म्हणाली आणि ठेवून दिला.

उन्हाळा सोपा गेला असं नाही. एप्रिलमध्ये सकाळी सहाला खालून पाणी निथळेपर्यंत भिजवायचं, संध्याकाळी बोट घालून बघायचं आणि लागलं तरच घालायचं. कोलियस दुपारी दोनला मान टाकतो. माती ओली असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं, सहाला तो आपसूक उभा राहतो. त्याचे तुरे दिसले की खुडायचे. क्रोटनवर कोरड्या हवेत लाल कोळी येतो, त्याला पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. दुरांटाची एक फांदी पूर्ण हिरवी फुटली ती मुळापासून कापली, नाहीतर हिरवी फांदी जोरदार असते, ती सगळ्या झाडाचा ताबा घेते. क्रोटन तोडताना चीक कपड्यावर पडू देऊ नका, डाग जात नाही. लहान मुलं असतील तर हात धुवायला लावा.

वीसातली चार गेली. दोन कोलियस मेच्या दुसऱ्या आठवड्यात, एक अकॅलिफा आम्ही लग्नाला तीन दिवस परभणीला गेलो तेव्हा, आणि एक गोल्ड डस्ट का गेला ते अजून कळलेलं नाही. बाकीची उभी आहेत. पर्पल हार्टनं तर तीन कुंड्या ओलांडल्या. संध्याकाळी साडेसहाला आई फरशीवर दोन बादल्या पाणी मारते, वाफ निघून गेली की खुर्ची टाकून बसते. मी लॉग आउट करून येईपर्यंत तिचा माठ निवडून झालेला असतो.

जूनच्या पहिल्या पावसानंतर तिनं क्रोटनच्या पाच फांद्या कापून कोकोपीटमध्ये खोचल्या आहेत. त्या सध्या लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये आहेत, मुळं फुटेपर्यंत त्यांना सावलीच लागते. प्रत्येक ग्लासावर काचिगुड्याच्या एकेका जुन्या शेजारणीचं नाव चिकटवलंय. एक कुकटपल्लीला जाणार, दोन उप्पलला, एक पुण्याला मुलाकडे राहायला गेलेल्या काकूंना. पाचवीच्या घराला फक्त उत्तरेची बाल्कनी आहे, म्हणून तिला क्रोटन द्यावा की कॉर्डिलाइनचा तुकडा, हे अजून ठरत नाही.